पॅलेट काढून परत बसवलं की रीडिंग बदलतंय? तीन बॉल, तीन व्हीची कपलिंग स्वतः कशी बनवायची

मी शिरोली एमआयडीसीत फिक्स्चर आणि गेजचं काम करतो. आपल्या कोल्हापुरात कास्टिंग मशिनिंग करणाऱ्या प्रत्येक शॉपमध्ये हा प्रॉब्लेम आहे: पॅलेट (ज्यावर जॉब, म्हणजे पार्ट, बसवतो ती प्लेट) काढलं, साफ केलं, परत त्याच जागी त्याच डॉवेलवर (जागा धरणाऱ्या पिनांवर) बसवलं आणि डायल गेज लावला तर रीडिंग १५-२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) हललेलं. मग परत अर्धा तास सेटिंग. आमच्याकडं पंप हाउसिंगच्या इन्स्पेक्शन पॅलेटवर हे दोन वर्षं चाललं आणि प्रत्येक वेळी आम्ही एकच उपाय केला, डॉवेल अजून टाइट करा. टाइट केल्यावर पॅलेट हातोडीनं ठोकून काढावं लागायचं, भोक घासायचं आणि सहा महिन्यांत परत होतं तिथंच. शेवटी कायनेमॅटिक कपलिंग (फक्त सहा ठिकाणी टेकून पॅलेट दर वेळी एकाच जागी बसवणारी बैठक) बनवली आणि सुटलो. करताना ज्या चुका झाल्या त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, थोडं लांबेल पण वाचा.

१) आधी डॉवेलचा घोळ समजून घ्या

साधा हिशोब बघा. १० मिमीचा डॉवेल, भोक एच७ मध्ये, पिन जी६ मध्ये (ही फिटची ठरलेली टॉलरन्स). भोक ० ते १५ मायक्रॉन मोठं असू शकतं, पिन ५ ते १४ मायक्रॉन लहान. म्हणजे ढिलाई कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त २९ मायक्रॉन, आणि हे ड्रॉइंगप्रमाणं एकदम पास झालेले पार्ट. पॅलेट या ढिलाईत कुठंही बसू शकतं, आज या बाजूला रेललं तर उद्या त्या बाजूला.

ढिलाई काढायची म्हणून फिट टाइट केला की दुसरा घोळ सुरू होतो. कुठल्याही वस्तूला हलायला सहाच प्रकार असतात, तीन सरळ दिशा आणि तीन फिरण्याच्या. सपाट फेसनं त्यातले तीन अडतात, एका गोल पिननं दोन, दुसऱ्या गोल पिननं अजून दोन. झाले सात. अडवायचे सहा होते, म्हणून सातवा आणि सहावा एकमेकांशी भांडतात आणि पॅलेट कुठंतरी वाकून, ताणून बसतं. जुन्या टूलरूममध्ये एक पिन डायमंड (दोन बाजूंनी कापलेली) करतात ते याचसाठी, त्यानं सातवा निघून जातो. पण ढिलाई आणि फेसखालचा कचरा तसाच राहतो. कास्ट आयर्नची एक बारीक कणी फेसखाली अडकली की संपलं.

तीन दगडांची चूल आठवा. पातेलं कसंही ठेवा, डगमगत नाही, दगड लहान-मोठे असले तरी नाही. चौथा दगड लावला की डगमग सुरू. कपलिंगमागचा विचार एवढाच आहे, फक्त तो सहाही दिशांना लावायचा: बरोबर सहा ठिकाणी टेकायचं, सातव्या ठिकाणी कुठंच टेकायचं नाही. मग पॅलेटला बसायला जगात एकच जागा उरते.

ही काही नवीन आयडिया नाही. मॅक्सवेल आणि लॉर्ड केल्विन या दोघांच्या नावानं १९व्या शतकापासून ती ओळखली जाते. तुमच्या सीएमएमचा (पार्ट मोजायच्या मशीनचा) टच प्रोब आहे ना, त्याच्या आतही हेच आहे. सर डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉन्कॉर्ड विमानाच्या इंजिनाचे पाइप मोजायला तो प्रोब काढला, त्यात स्टायलसचे (पार्टला शिवणाऱ्या काडीचे) तीन रॉड सहा बॉलवर टेकतात. स्टायलस धक्का लागून हलतो आणि परत अगदी तिथंच येऊन बसतो, दिवसातून हजार वेळा.

२) प्रकार निवडा

दोनच लक्षात ठेवा.

मॅक्सवेलचा प्रकार म्हणजे तीन बॉल आणि तीन व्ही (V आकाराच्या खाचा). प्रत्येक बॉल आपल्या व्हीच्या दोन बाजूंना टेकतो, तीन दुणे सहा. तिन्ही व्ही सारखे, त्यामुळं बनवायला सोपा, आणि पॅलेट तापून फुगलं तरी तिन्ही बॉल आपापल्या व्हीतनं सारखे बाहेर सरकतात, मधला पॉइंट जागेवर राहतो.

केल्विनचा प्रकार म्हणजे एक बॉल तीन बाजूंच्या खड्ड्यात, दुसरा व्हीमध्ये, तिसरा सपाट फेसवर. तीन, दोन, एक. यात खड्ड्यातला बॉल पक्का राहतो आणि फुगणं तिथनं बाहेरच्या दिशेला होतं. तुमचा झिरो पॉइंट एखाद्या कोपऱ्यात असेल तर हा बरा.

यात एक सापळा आहे. तीन बाजूंच्या खड्ड्याऐवजी लोक सरळ काउंटरसिंक मारतात. काउंटरसिंकमध्ये बॉल गोल रिंगवर टेकतो, तीन पॉइंटवर नाही. ड्रिलनं केलेला कोन कधीच पूर्ण गोल नसतो, त्यामुळं बॉल आज या तीन ठिकाणी टेकणार, उद्या त्या तीन ठिकाणी. नवीन माणसानं मॅक्सवेल करावा असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं त्याबद्दलच.

३) काय काय लागेल

सामान: बेअरिंगचे १२ मिमी बॉल, ईएन३१ किंवा त्याच्या बरोबरीचे, ग्रेड १० घ्या. ग्रेड १० म्हणजे गोलाईतला फरक पाव मायक्रॉनच्या आत. तिन्ही बॉल एकाच पाकिटातले हवेत, नाहीतर पॅलेट तिरकं बसेल. व्ही ब्लॉकसाठी ओएचएनएस किंवा डी२ (दोन्ही टूल स्टील), हार्डनिंग ५८ ते ६० एचआरसी (हार्डनेसचं माप). एम१० चा बोल्ट, डिश वॉशर (स्प्रिंगसारखा दबणारा), गोलाकार बसणारा वॉशर, रिटेनिंग कंपाउंड (भोकात बॉल चिकटवायला), पातळ तेल, धागे न सुटणारा कपडा, ब्लू (टेकण्याच्या खुणा दाखवणारा निळा रंग).

मोजायला: १ मायक्रॉनचा लिव्हर डायल, दगडी सरफेस प्लेट, जड स्टँड.

कागद: हार्डनिंगवाल्याकडनं हार्डनेसचा रिपोर्ट, डायलचं चालू कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, आणि स्वतःच्या हातानं काढलेला का असेना, सहा टेकण्याच्या जागा खुणा करून दाखवलेला स्केच. हा स्केच ऑपरेटरसाठी सुद्धा लागतो, तो नसला की कुणीतरी चांगल्या भावनेनं सातवा आधार लावून ठेवतो.

४) मांडणी

बॉल समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांवर. आमचं पॅलेट २५० बाय २५० चं, त्यावर त्रिकोणाची बाजू १५० मिमी ठेवली, म्हणजे पीसीडी (तिन्ही बॉलमधनं जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १७३.२ मिमी. त्रिकोण जेवढा मोठा बसेल तेवढा घ्या. कारण असं बघा, १५० बाजूच्या त्रिकोणाची उंची १३० मिमी, आता एका बॉलखाली १ मायक्रॉनचा फरक पडला तर ३०० मिमी उंचीवर जॉबच्या टोकाला तो साधारण २.३ मायक्रॉन होऊन दिसतो. त्रिकोण निम्मा केला तर हाच फरक दुप्पट.

व्हीची दिशा सगळ्यात महत्त्वाची. तिन्ही व्हीच्या लांबीच्या रेषा मध्यभागी एकत्र मिळाल्या पाहिजेत, सायकलच्या आऱ्यांसारख्या. मशिनिंगला सोपं पडतं म्हणून कुणी तिन्ही व्ही एकाच दिशेला समांतर मारतं, मग पॅलेट त्या दिशेला सरळ घसरतं. आणि व्ही पीसीडीच्या कडेनं गोल फिरवल्यासारखे आडवे लावले तर पॅलेट मध्याभोवती फिरतं. दोन्ही मी ड्रॉइंगवर बघितलेत.

व्हीचा कोन ९० अंश.

आणि जॉबसकट सगळ्याचं वजन त्रिकोणाच्या आत, शक्यतो मधोमध पडलं पाहिजे. वजन त्रिकोणाच्या बाहेर गेलं तर एक बॉल उचलला जातो.

एक गोष्ट बऱ्याच लोकांना पटत नाही म्हणून वेगळी लिहितो. व्हीच्या जागा मायक्रॉनमध्ये मारायची गरज नाही, ०.१ मिमी इकडंतिकडं चालतं. पॅलेटला बसायची एकच जागा असते, ती जागा ड्रॉइंगपासून ०.१ हललेली असेल एवढंच, ती एकदा मोजून ऑफसेटमध्ये (रीडिंगमधनं वजा करायच्या फरकात) टाकायची. ही कपलिंग परत-परत तिथंच बसते याची खात्री देते, अचूक कुठं बसते हे तुम्ही मोजून ठरवायचं. त्यामुळं एका बेसवर पाच पॅलेट चालवणार असाल तर प्रत्येक पॅलेटचा ऑफसेट वेगळा, पॅलेटवर नंबर पंच करा आणि वहीत लिहा.

५) दाबाचा हिशोब, हा टाळू नका

इथं माझं पहिलं पॅलेट वाया गेलं. घाई होती म्हणून व्ही साध्या एमएसमध्ये (माइल्ड स्टीलमध्ये) मारले, हार्डनिंग नाही. पहिल्या दिवशी रीडिंग सुंदर. आठव्या दिवशी ८ मायक्रॉन. पॅलेट उलटं करून व्हीमध्ये बॅटरी तिरकी मारली तर दोन्ही बाजूंना बारीक चकचकीत चांदण्या, आणि नख फिरवलं की नख अडकायचं. ग्राइंडिंगवाल्या मामांना दाखवलं, त्यांनी भिंगातनं बघितलं आणि म्हणाले, "बाळा, बॉल बसला नाही यात, बॉल रुतलाय."

गणित हर्ट्झचं आहे, म्हणजे गोल वस्तू टेकते तिथल्या दाबाचं. आमचं पॅलेट आणि जॉब मिळून १५ किलो, म्हणजे साधारण १५० न्यूटन, आणि वरनं क्लॅम्पचे ४५०. एकूण ६०० न्यूटन. तीन बॉलमध्ये वाटले २००-२००, आणि ४५ अंशाच्या दोन बाजूंवर प्रत्येकी १४१ न्यूटन. १२ मिमीचा स्टीलचा बॉल सपाट स्टीलवर एवढ्या जोरानं दाबला की टेकण्याचा ठिपका फक्त ०.३६ मिमी व्यासाचा होतो. तेवढ्याशा ठिपक्यावर मधोमध दाब येतो २.१ गिगापास्कल. ६० एचआरसीचं स्टील हे सहन करतं. एमएस २५० मेगापास्कलला यील्ड होतं (कायमचं दबतं), त्यात याच बॉलखाली पृष्ठभागाच्या आत यील्ड व्हायला साधारण १ न्यूटन पुरतो, म्हणजे शंभर ग्रॅम! आम्ही त्याच्या १४१ पट जोर लावून बसलो होतो.

हा दाब जोराच्या घनमुळानं वाढतो. जोर आठपट केला की दाब दुप्पट. म्हणून एकूण जोर निम्मा केला तरी फारसा फरक पडत नाही, दाब फक्त एक पंचमांश उतरतो. दाब खरंच कमी करायचा असेल तर बॉल मोठा घ्या.

एक स्वस्त जुगाड सुद्धा आहे आणि तो चांगला चालतो. व्ही ब्लॉकऐवजी दोन हार्ड डॉवेल पिन शेजारी-शेजारी आडव्या झोपवायच्या, बॉल त्यांच्यामध्ये बसतो. १२ चा बॉल आणि ८ च्या पिन असतील तर दोन पिनच्या सेंटरमधलं अंतर १४.१४ मिमी ठेवा, बॉल बरोबर ४५ अंशावर टेकतो. पिन आधीच हार्ड आणि ग्राइंड केलेल्या येतात, त्यामुळं हार्डनिंगचा आणि व्ही ग्राइंडिंगचा खर्च वाचतो. फक्त गोलावर गोल टेकल्यामुळं दाब सुमारे १.३५ पट होतो, तेव्हा एकूण जोर ३०० न्यूटनच्या आसपास ठेवा.

६) बनवायचा क्रम

पॅलेट आणि बेससाठी कास्टिंग घ्या, आपल्याकडं फाउंड्री शेजारीच आहे, एफजी २६० (कास्ट आयर्नची ग्रेड) मध्ये मागा. गॅस कटची प्लेट असेल तर रफ मशिनिंगनंतर स्ट्रेस रिलीव्ह करून (तापवून आतला ताण काढून) मगच फिनिश करा, नाहीतर प्लेट महिनाभर हळूहळू वाकत राहते आणि तुम्ही दोष कपलिंगला देत बसता.

बॉल खाली बेसवर आणि व्ही वर पॅलेटला, तोंड खाली. उलटं केलं तर व्ही म्हणजे चिप्स साठवायची ताटली होते. बॉलवर चिप राहत नाही. पॅलेट टेबलावर ठेवताना व्ही आपटू नयेत म्हणून खाली चार पाय द्या, पण पॅलेट बेसवर बसलं की हे पाय बेसला कुठंही टेकता कामा नयेत, किमान २-३ मिमी मोकळे ठेवा.

बॉल बसवायला रीम केलेलं भोक, बॉल अर्ध्याच्या थोडा जास्त आत जाईल एवढं खोल, तळ सपाट. आता दुसरी चूक सांगतो. मी भोकात कंपाउंड भरलं आणि वरनं बॉल दाबला. हवा आणि कंपाउंड तळाला अडकलं आणि बॉल त्या थरावर तरंगत राहिला. थर दाबानं हळूहळू बसत गेला आणि एक बॉल महिन्याभरात ४ मायक्रॉन खाली. म्हणून भोकाच्या तळातनं २ मिमीचं आरपार छिद्र मारा, बॉल कोरडा धातूवर धातू टेकवा, आणि कंपाउंड फक्त कडेनं सोडा.

व्हीच्या बाजू ग्राइंड करून घ्या, आरए (खरखरीतपणाचं माप) ०.२ ते ०.४ मध्ये. वायर कटवर (तारेच्या ठिणगीनं कापलेल्या फेसवर) सोडून देऊ नका, त्याचा वरचा थर ठिसूळ आणि खरखरीत असतो, बॉलखाली चुरतो. जिथं बॉल टेकणार तेवढ्या जागेला हातानं लॅपिंग (बारीक पेस्टनं घासणं) केलं तर अजून चांगलं.

७) क्लॅम्पिंग

बोल्ट मधोमध एकच, त्रिकोणाच्या सेंटरला. बोल्ट आवळताना नट पॅलेटला स्वतःबरोबर फिरवायला बघतो आणि तो पीळ सरळ बॉलवर जातो, म्हणून नटखाली गोलाकार वॉशर आणि त्याखाली डिश वॉशरची थप्पी. थप्पी ठराविक दबली की नट एका खांद्यावर टेकून थांबेल अशी बाही (बोल्टवर बसणारी नळी) बनवा. मग आवळणारा तगडा असो की पोरगेला, जोर रोज तेवढाच पडतो. आमच्याकडं या बाहीनं जेवढा फरक पडला तेवढा ग्राइंडिंगनं पण पडला नाही.

आणि हे नीट वाचा: ही कपलिंग तपासणीसाठी, हलक्या फिनिशिंगसाठी, सेन्सर किंवा कॅमेरा बसवण्यासाठी आहे. फेस मिलनं ४ मिमी डेप्थ घेणार असाल तर हे लावू नका. सहा छोट्या ठिपक्यांवर तेवढा धक्का गेला की बॉल उचलतो किंवा रुततो. कटिंगचा जोर क्लॅम्पच्या जोरापेक्षा बराच कमी असला पाहिजे, कुठल्याही दिशेनं.

८) टेस्ट

बॉलला अगदी पातळ ब्लू लावा, पॅलेट अलगद ठेवा, उचला. व्हीमध्ये सहा बारीक ठिपके दिसले पाहिजेत, प्रत्येक व्हीत दोन, समोरासमोर, एका उंचीवर. एका व्हीत एकच ठिपका दिसला तर पॅलेट दुसरीकडं कुठंतरी टेकतंय. पाय, केबल, नळी, क्लॅम्पची बाही, सगळं बघा. आमचा एकदा हवेच्या नळीनं पूर्ण दिवस खाल्ला, नळी पॅलेटला एका बाजूनं ढकलत होती.

मग ब्लू पुसून २५ वेळा काढा-बसवा करा आणि तीन ठिकाणी डायलचं रीडिंग लिहा: वरच्या फेसवर, एका बाजूवर, आणि त्याच्या काटकोनातल्या बाजूवर. डायलचं स्टँड बेसवरच हवं, शेजारच्या टेबलावर नको. पहिली १०-१५ रीडिंग एका दिशेला सरकत जातात, घाबरू नका, टेकण्याच्या जागेवरचे बारीक उंचवटे दबून जागा तयार होत असते. ती सोडून द्या आणि पुढची धरा. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान रीडिंगमधला फरक म्हणजे तुमचा खरा आकडा. आमचा २ मायक्रॉन आला, आधीचा २० होता. चांगल्या लॅबमध्ये, काळजीनं केलेल्या कपलिंगचा १ मायक्रॉनच्या आत येतो.

फरक जास्त येत असेल तर आधी घर्षण बघा. कोरड्या स्टीलवर बॉल पूर्ण खाली न जाता थोडा वरच अडकतो. पातळ तेलाचा कपडा फिरवा, रोज तेवढाच. ग्रीस नको, त्यात धूळ अडकते. पॅलेट सरकवत ठेवू नका, सरळ वरनं सोडा, आणि आवळायच्या आधी हलकेच प्लास्टिकच्या हातोडीनं टिचकी मारा.

९) तापमान

एप्रिलमध्ये सकाळी आठला आणि दुपारी तीनला आपल्या शेडमध्ये १० अंशांचा फरक सहज पडतो. ३०० मिमीचं स्टील तेवढ्यात साधारण ३५ मायक्रॉन वाढतं, अ‍ॅल्युमिनियम ६९. मॅक्सवेल प्रकारात मधला पॉइंट जागेवर राहतो, पण कडेला मोजणार असाल तर ही वाढ तुमच्या रीडिंगमध्ये येणारच. म्हणून शक्यतो झिरो पॉइंट सेंटरला घ्या. आणि बेस अ‍ॅल्युमिनियम, पॅलेट स्टील असली खिचडी नको. जॉब मशीनवरनं गरम-गरम आणून पॅलेटवर टाकायचा नाही, आमच्याकडं आता अर्धा तास दगडी प्लेटवर ठेवून मगच चढवतो.

१०) देखभाल

रोज बसवायच्या आधी तीन बॉल आणि तीन व्ही पुसायचे, हवेच्या गननं नाही, कपड्यानं. गन मारली की कणी उडून दुसऱ्या व्हीत जाते. महिन्यातनं एकदा ५ वेळा काढा-बसवा करून रीडिंग वहीत लिहा. स्टीलवर स्टील सतत थरथरत असेल तर ठिपक्याभोवती तांबूस-तपकिरी पूड दिसायला लागते, ती दिसली की तेल कमी पडतंय किंवा पॅलेटला कुठून तरी व्हायब्रेशन येतंय. बॉलवर ठिपका नखाला लागायला लागला तर तिन्ही बॉल एकदम बदला, एकच बदलू नका, नाहीतर उंचीत फरक पडून पॅलेट तिरकं होईल. बॉल बदलले की परत २५ वेळाची टेस्ट, परत ऑफसेट, आणि वहीत तारीख.